वास्तूकडून परिसराकडे : इंग्लंडमधील संवर्धन क्षेत्रे आणि मुंबईतील वारसा परिसर – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

एखादी जुनी आळी आपल्याला ओळखीची वाटते ती तिच्यातील एखाद्या भव्य वास्तूमुळे क्वचितच. सारख्या उंचीच्या घरांची ओळ, घरांपुढील ओसऱ्या, रस्त्याची रुंदी आणि त्यावर पडणारी जुन्या झाडांची सावली या सर्वांच्या मेळातून त्या जागेचे रूप घडलेले असते. यांतील एकेक घटक सुटा करून पाहिला, तर त्याला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणता येत नाही. त्यामुळे स्मारकांसाठी केलेले कायदे त्याच्या साहाय्यास येत नाहीत, आणि एक घर व एक झाड अशा क्रमाने संपूर्ण आळी नाहीशी होते.

ही उणीव भरून काढण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘संवर्धन क्षेत्र’ ही संकल्पना कायद्यात आली. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा इंग्लंडमधील उगम व विकास आणि मुंबईत १९९५ मध्ये तिने घेतलेले रूप यांचा तुलनात्मक विचार केला आहे. इमारती आणि झाडे यांचे रक्षण एकाच परिसराचे घटक म्हणून करावयाचे, की दोन निरनिराळ्या खात्यांचे विषय म्हणून, हा या अभ्यासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

स्मारकरक्षणाचा पूर्वेतिहास

इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. सर जॉन लबक यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १८८२ मध्ये प्राचीन स्मारक संरक्षण कायदा संमत झाला. या कायद्याचा भर प्रागैतिहासिक अवशेषांवर होता. लोकांच्या राहत्या घरांचा विचार त्यात नव्हता. १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने महत्त्वाच्या इमारतींची सूची करण्याची आणि वृक्ष संरक्षण आदेश काढण्याची व्यवस्था दृढ केली. तरीही संरक्षणाचे एकक एकेक इमारत आणि एकेक झाड किंवा वृक्षसमूह हेच राहिले.

भारतात लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०४ चा प्राचीन स्मारक जतन कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा कायदा त्याच मार्गाने गेले. केंद्रीय संरक्षित स्मारकांभोवती शंभर मीटरचे प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटरचे नियंत्रित क्षेत्र १९९२ च्या अधिसूचनेने आखण्यात आले, व २०१० च्या दुरुस्तीने त्याला कायद्यातच स्थान मिळाले. हे क्षेत्र स्मारकाच्या रक्षणासाठी आखलेले आहे. त्यात येणाऱ्या वस्तीला स्वतःचे काही मोल आहे, असे ते गृहीत धरत नाही. परिसराची संकल्पना मुळातच याहून वेगळी आहे.

१९६७ : इंग्लंडमधील नवा विचार

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील नगरांत पुनर्रचनेची मोठी लाट आली. रुंद रस्ते, मोटारींसाठी वाहनतळ आणि नव्या बाजारपेठा यांसाठी जुन्या वस्त्या हटविण्यात आल्या. लंडनमधील यूस्टन स्थानकाची १८३७ मधील भव्य कमान तीव्र विरोधाला न जुमानता १९६१-६२ मध्ये पाडण्यात आली, आणि जनमत हादरले. बाथ या नगरातील अनुभव अधिक बोलका होता. तेथील ‘रॉयल क्रेसेंट’सारख्या विख्यात वास्तू सुरक्षित राहिल्या, परंतु त्यांच्या मागील गल्ल्यांतील कारागिरांची साधी जॉर्जियन घरे मोठ्या संख्येने पाडली गेली. अॅडम फर्ग्युसन यांनी १९७३ मध्ये ‘द सॅक ऑफ बाथ’ या पुस्तकातून या विध्वंसाकडे लक्ष वेधले. प्रसिद्ध वास्तू वाचूनही नगर हरवू शकते, हा या घटनांचा धडा होता.

फ्रान्समध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये ऐतिहासिक वस्त्यांना समग्र संरक्षण देणारा कायदा झाला होता. ब्रिटनमध्ये हे कार्य डंकन सँडिस यांनी हाती घेतले. १९५७ मध्ये त्यांनी ‘सिव्हिक ट्रस्ट’ ही संस्था स्थापन केली होती. पुढे संसदेचे सदस्य म्हणून त्यांनी मांडलेल्या अशासकीय विधेयकातून १९६७ चा नागरी सुविधा कायदा अस्तित्वात आला. विशेष वास्तुशास्त्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्व असलेली आणि ज्यांचे स्वरूप जतन करणे वा खुलविणे इष्ट आहे, अशी क्षेत्रे निश्चित करून घोषित करण्याचे कर्तव्य या कायद्याने स्थानिक नियोजन प्राधिकरणांवर सोपविले. त्याच वर्षी लिंकनशायरमधील स्टॅमफर्ड हे चुनखडीच्या दगडांतील घरांचे नगर पहिले संवर्धन क्षेत्र ठरले.

या कायद्याची रचना लक्षणीय आहे. त्याचा एक भाग इमारती व क्षेत्रे यांविषयी, दुसरा झाडांचे जतन व पुनर्लागवड यांविषयी, तर तिसरा रस्त्यांवर टाकून दिलेल्या मोटारी व अवजड कचरा हटविण्याविषयी होता. आज ही सरमिसळ चमत्कारिक वाटेल. परंतु नागरिकाला परिसर ज्या रूपात दिसतो, त्याच रूपात कायद्याने तो पाहिला होता.

१९७४ : घोषणेला बळ

क्षेत्र घोषित करणे आणि ते राखणे यांत अंतर असते, हे लवकरच अनुभवास आले. १९६७ च्या कायद्यानुसार क्षेत्र घोषित झाले, तरी सूचीत नसलेली घरे पाडण्यास पुरेसा प्रतिबंध नव्हता. १९७२ च्या दुरुस्तीने निवडक इमारतींपुरते नियंत्रण आणले. १९७४ च्या नगर व ग्राम सुविधा कायद्याने संवर्धन क्षेत्रातील बहुतेक सर्व इमारती पाडण्यासाठी पूर्वपरवानगी आवश्यक केली.

याच कायद्याने झाडांबाबतही महत्त्वाचे पाऊल टाकले. संवर्धन क्षेत्रातील झाड तोडण्यापूर्वी किंवा छाटण्यापूर्वी मालकाने सहा आठवड्यांची लेखी सूचना देणे बंधनकारक झाले. या मुदतीत प्राधिकरणाने झाडाची पाहणी करावी आणि आवश्यक वाटल्यास वृक्ष संरक्षण आदेश काढावा. आदेश न निघाल्यास मालक मोकळा. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्यांच्या खोडाचा व्यास ७५ मिलिमीटरपेक्षा कमी आहे, अशी लहान झाडे साधारणतः या नियमातून वगळलेली आहेत. मालकाचा हक्क हिरावून न घेता समाजाला विचारासाठी अवधी मिळवून देणारी ही योजना आहे.

पुढे १९९० च्या कायद्यांत या तरतुदी आल्या. एखादे बांधकाम क्षेत्राच्या स्वरूपाला बाधा आणत नसेल, तर जतनाचे उद्दिष्ट साधले असे मानता येते, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९२ मध्ये साउथ लेकलंड प्रकरणात दिला. त्यामुळे संवर्धन म्हणजे बदलास सरसकट मनाई नव्हे, हे स्पष्ट झाले. २०१३ च्या कायद्याने पाडकामाची स्वतंत्र संमती रद्द करून ती सर्वसाधारण नियोजन परवानगीत विलीन केली. मात्र विनापरवाना पाडकाम गुन्हाच राहिले. आज इंग्लंडमध्ये सुमारे दहा हजार संवर्धन क्षेत्रे आहेत. त्यांतील घरांच्या चढत्या किमती आणि दुरुस्तीवरील निर्बंध यांविषयी तेथेही तक्रारी होतात. तरीही इमारत आणि झाड या दोहोंकडे एकाच घोषित क्षेत्राचे घटक म्हणून पाहण्याची पद्धती टिकून आहे.

मुंबई : नियम ६७ आणि वारसा परिसर

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. ऐतिहासिक, नैसर्गिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या स्थळांचे जतन हा विकास योजनेचा एक विषय म्हणून त्याच्या कलम २२ मध्ये अंतर्भूत आहे. पुढे दुरुस्तीने ‘वारसा इमारत’ आणि ‘वारसा परिसर’ या संज्ञांची व्याख्या अधिनियमात आली. त्यानुसार वारसा परिसर म्हणजे वारसा इमारत किंवा इमारती आणि त्यांच्या सभोवतालची वा संबंधित जागा. व्याख्येच्या केंद्रस्थानी इमारत आहे, ही बाब येथे ध्यानात घ्यावयास हवी.

२१ एप्रिल १९९५ रोजी बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ६७ अधिसूचित झाला. वारशाच्या रक्षणासाठी अशी नियमावली करणाऱ्या भारतीय शहरांत मुंबई अग्रेसर ठरली. सहाशेहून अधिक नोंदींची सूची प्रसिद्ध झाली, इमारतींच्या तीन श्रेणी ठरल्या आणि मुंबई वारसा संवर्धन समिती नेमण्यात आली. राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू पहिल्या श्रेणीत, प्रादेशिक व स्थानिक महत्त्वाच्या दुसऱ्या श्रेणीत, तर वस्तीचे स्वरूप घडविणाऱ्या साध्या इमारती तिसऱ्या श्रेणीत आल्या. निर्बंधांमुळे होणारी हानी भरून निघावी यासाठी विकास हक्कांच्या हस्तांतरणाची सोयही ठेवण्यात आली.

परिसराच्या दृष्टीने खरे महत्त्व तिसऱ्या श्रेणीचे होते. आणि तीच सर्वांत दुर्बल ठरली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठलेली होती. दुरुस्तीसाठी मालकाला उत्पन्न नव्हते आणि पावसाळ्यात जुन्या चाळी कोसळण्याचे भय रहिवाशांना होते. या पार्श्वभूमीवर १९९९ मधील दुरुस्तीने तिसऱ्या श्रेणीतील व वारसा परिसरांतील उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीला समितीच्या परवानगीतून मोठी सूट मिळाली. इंग्लंडमध्ये घोषणा आधी आली आणि सात वर्षांनी तिला बळ मिळाले. मुंबईत बळ आधी मिळाले आणि चार वर्षांत ते सैल झाले.

याचा दोष केवळ बांधकाम व्यावसायिकांवर ढकलणे इतिहासाला धरून होणार नाही. २०१२ मध्ये महानगरपालिकेने प्रसिद्ध केलेल्या वाढीव सूचीत शिवाजी पार्क परिसराचा समावेश होता, तेव्हा तेथील अनेक रहिवाशांनीच हरकत घेतली. पुनर्विकास अडेल आणि दुरुस्तीचा भार मात्र आपल्यावर पडेल, ही त्यांची भीती निराधार नव्हती. गिरगावातील खोताचीवाडीत लाकडी सज्जांची घरे आजही काही कुटुंबांनी निष्ठेने सांभाळली आहेत. पण त्यांच्या शेजारची कित्येक घरे गेली आहेत. ज्या घोषणेत रहिवाशाच्या आर्थिक विवंचनेला उत्तर नसते, ती घोषणा त्याला शिक्षेसारखी वाटू लागते.

झाडांचा स्वतंत्र प्रवास

महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रांतील झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा, म्हणजे नियम ६७ च्या वीस वर्षे आधीचा आहे. एका अर्थाने तो इंग्लिश कायद्यापेक्षा व्यापक आहे. इंग्लंडमध्ये प्रामुख्याने संवर्धन क्षेत्रातील किंवा आदेशाने संरक्षित झाडांनाच असे संरक्षण मिळते. येथे अधिनियम लागू असलेल्या नागरी क्षेत्रातील झाड तोडण्यासाठी सर्वसाधारणपणे परवानगी लागते. त्यासाठी वृक्ष प्राधिकरण आहे आणि ठरावीक कालाने वृक्षगणनेची तरतूदही आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ असे नाव दिले आणि ते तोडावे लागल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याचे बंधन घातले.

मात्र या कायद्याची दृष्टी संख्येची आहे. तोडलेल्या झाडाची भरपाई अन्यत्र लावलेल्या झाडांनी होते, असे तो मानतो. हवेच्या दृष्टीने त्यात काही तथ्य असेल. परंतु विशिष्ट रस्त्याची सावली आणि घरांच्या ओळीशी जुळलेली वृक्षराजी दुसऱ्या उपनगरात लावलेल्या रोपांनी परत येत नाही. बाथमधील ‘सर्कस’ या वर्तुळाकार गृहसमूहाच्या मध्यभागी उभे असलेले प्लेन वृक्ष तेथून हलविले, तर त्या रचनेचे रूपच पालटेल. दादर-माटुंग्यातील जुन्या वसाहतींबाबतही हेच म्हणता येईल. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई नगर सुधारणा न्यासाने त्या वसविल्या, तेव्हा रस्ते, उद्याने, झाडे आणि घरांची उंची यांचा विचार एकत्रच झाला होता.

या विभाजनाचे फलित चर्चगेट भागात दिसले. भुयारी मेट्रोच्या कामासाठी २०१७ मध्ये तेथील जमशेटजी टाटा मार्गावरील जुनी झाडे तोडण्यात आली. पुढच्याच वर्षी ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला युनेस्कोने जागतिक वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली. सार्वजनिक वाहतुकीची गरज कोणीही नाकारणार नाही. परंतु इमारतींची किंमत जगाने मान्य करण्याच्या सुमारास त्याच भागातील झाडांचा हिशेब निराळ्या वहीत मांडला जात होता, हे नोंदविणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. स्मारकांचे कायदे साध्या वस्तीचे रक्षण करू शकत नाहीत, या अनुभवातून संवर्धन क्षेत्राची संकल्पना जन्माला आली. तिचे एकक परिसर हे आहे.

२. केवळ घोषणा पुरेशी नसते. पाडकामावर नियंत्रण, वृक्षतोडीपूर्वीची सूचना आणि विचारासाठी निश्चित मुदत यांची जोड मिळाल्यावरच इंग्लंडमध्ये ती परिणामकारक झाली.

३. मुंबईत इमारतींसाठी वारसा समिती आणि झाडांसाठी वृक्ष प्राधिकरण अशी विभागणी झाल्यामुळे परिसराची संकल्पना अर्धीच अवतरली. घोषित वारसा परिसरातील वृक्षतोडीच्या प्रत्येक प्रस्तावावर वारसा समितीचे मत घेण्याची पद्धती रुजल्यास ही उणीव काही अंशी दूर होईल.

४. रहिवाशांना दुरुस्तीसाठी साहाय्य मिळाल्याशिवाय कोणताही वारसा परिसर दीर्घकाळ टिकणार नाही.

या कार्यात महाविद्यालयांनाही वाटा उचलता येईल. कोणत्याही क्षेत्राची घोषणा होण्यापूर्वी तेथे काय आहे याची विश्वसनीय नोंद लागते. इतिहास विभागाने घरांची, वनस्पतिशास्त्र विभागाने झाडांची आणि अर्थशास्त्र विभागाने रहिवाशांच्या अडचणींची पाहणी एकाच नकाशावर मांडली, तर परिसर प्रथम कागदावर तरी अखंड दिसेल. आपल्या महाविद्यालयाभोवतीच्या चार रस्त्यांपासून आरंभ करण्यास कोणत्याही कायद्याची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.