वय वाढले तरी झोपेची गरज कमी होत नाही

चंदीगड : ‘म्हातारपणी झोप कमीच लागते’ हा समज घरोघरी रूढ आहे. प्रत्यक्षात वयानुसार घटते ती सलग व गाढ झोपेची क्षमता. झोपेची गरज फारशी घटत नाही. अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या शिफारशींनुसार १८ ते ६४ वर्षे वयाच्या व्यक्तींना ७ ते ९ तास, तर ६५ वर्षांपुढील व्यक्तींना ७ ते ८ तास झोप आवश्यक असते.

ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ पासून सुरू असलेल्या ‘व्हाइटहॉल-२’ या अभ्यासातून झोपेचे महत्त्व स्पष्ट होते. पन्नाशी, साठी आणि सत्तरीत सातत्याने सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के अधिक असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. पन्नाशीत पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना पुढे एकाहून अधिक दीर्घकालीन आजार जडण्याची शक्यताही सुमारे ३० टक्के जास्त असल्याचे २०२२ मध्ये समोर आले. अशा अभ्यासांतून परस्परसंबंध दिसतो. अपुरी झोप हेच कारण असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही.

वाढत्या वयात शरीरातील जैविक घड्याळ पुढे सरकते. त्यामुळे संध्याकाळीच डोळे जड होतात आणि पहाटे लवकर जाग येते. हे घड्याळ प्रामुख्याने सूर्यप्रकाशावर चालते. चंदीगडमध्ये जून महिन्यात दिवस सुमारे १४ तासांचा असतो, तर डिसेंबरमध्ये तो जेमतेम १० तासांवर येतो. त्यातच थंडीतील दाट धुक्यामुळे ज्येष्ठ नागरिकांचे बाहेर पडणे कमी होते. सुखना तलावाच्या काठी सकाळी फेरफटका मारणाऱ्यांना व्यायामासोबत हा उजेडही मिळतो. ऊन पडल्यावर अर्धा तास घराबाहेर, गच्चीत किंवा अंगणात घालवल्यानेही झोपेचे वेळापत्रक सुधारण्यास मदत होते.

झोपण्याची व उठण्याची वेळ ठरावीक ठेवणे, दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासापुरती मर्यादित ठेवणे, दुपारनंतर चहा-कॉफी टाळणे आणि झोपण्यापूर्वी मोबाइल दूर ठेवणे उपयुक्त ठरते. मात्र झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे धोकादायक आहे. या गोळ्यांमुळे ज्येष्ठांमध्ये तोल जाणे, पडून हाड मोडणे व गोंधळल्यासारखे होणे असे प्रकार घडू शकतात. दीर्घकाळ चालू असलेल्या गोळ्याही वैद्यकीय सल्ल्याविना अचानक बंद करू नयेत.

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, दिवसा अनावर पेंग येणे किंवा उदासीमुळे झोप उडणे ही लक्षणे आढळल्यास डॉक्टरांना दाखवावे. यामागे निद्राश्वसनरोध, मधुमेह, प्रोस्टेटचा त्रास किंवा नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार उपलब्ध आहेत. ज्येष्ठांची झोपेची तक्रार ‘वय झाले’ म्हणून सोडून दिल्यास अशा आजारांचे निदान लांबते.