संमोहन, रोजनिशी आणि मौन : व्हेरियर एल्विन यांचा मंडल्यातील काळ

संशोधकाला संमोहित अवस्थेत नेऊन क्षेत्रकार्यात दडपलेल्या त्याच्या भावना पुन्हा जाग्या करता येतील काय, हा प्रश्न विचारताना एक गोष्ट गृहीत धरली जाते : त्या भावना त्याच्या आत जशाच्या तशा साठून आहेत. स्वतः फ्रॉइड यांनी उपचारात संमोहन वापरले आणि पुढे सोडून दिले. १९६७ साली जॉर्ज देव्हरो यांनी संशोधकाची अस्वस्थता हीच अभ्याससामग्री मानली. त्याच वर्षी मालिनोव्स्की यांची खासगी रोजनिशी मरणोत्तर प्रसिद्ध झाली आणि तटस्थ निरीक्षकाच्या प्रतिमेला तडा गेला.

जबलपूर विभागातील मंडला जिल्ह्यात मात्र हे प्रकरण तीन दशके आधीच, आणि वेगळ्या रीतीने, घडून गेले होते. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून बाहेर पडलेले एल्विन १९३२ साली करंजिया येथे गोंडांमध्ये राहावयास आले. ‘लीव्ह्ज फ्रॉम द जंगल’ (१९३६) ही त्यांची रोजनिशी त्यांनी हयातीतच छापली. आजार, गैरसोय, स्वतःची फजिती हे सारे तीत आहे. पण विनोदाच्या पडद्याआडून. हसण्याजोगे तेवढे सांगितले, की बाकीचे सांगावे लागत नाही.

एल्विन एकटे नव्हते, हे मराठी अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे. शामराव हिवाळे आरंभापासून त्यांच्यासोबत होते. गीतसंग्रहांवर दोघांची नावे आहेत. १९४६ साली हिवाळे यांनी परधानांवर ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी ‘स्कॉलर जिप्सी’ हे एल्विन यांचे चरित्रही. (शीर्षक मॅथ्यू अर्नल्ड यांच्या कवितेचे, गोंड मुलखातील मित्राला ऑक्सफर्डच्या आख्यायिकेत बसवणारे.) म्हणजे अभ्यासकाचे भावजीवन येथे दुसऱ्याच्या हस्ताक्षरातही नोंदले गेले. ते एका मनात कोंडलेले नव्हतेच. घरात, मैत्रीत, सामायिक कामात ते विखुरलेले होते.

आणि विवाहातही. १९४० साली एल्विन यांनी कोसी या राजगोंड तरुणीशी लग्न केले. त्या आपल्या पतीहून वयाने पुष्कळ लहान होत्या. १९४९ साली कलकत्ता उच्च न्यायालयात घटस्फोट झाला, तोही एकतर्फी. आदिवासींच्या प्रेमजीवनाविषयी ग्रंथच्या ग्रंथ लिहिणाऱ्या या लेखकाचे आत्मचरित्र या संसाराजवळ येताच वेदना आणि अपयश यांचा ओझरता उल्लेख करून पुढे सरकते. रामचंद्र गुहा यांच्या चरित्राने (१९९९) ही मिटलेली पाने बरीचशी उघडली.

संमोहनाने एल्विन यांच्याकडून कदाचित अपराधभाव वदवून घेतला असता. परंतु तोही त्यांचाच असता. न्यायालयात जशी एकच बाजू होती तशीच येथेही राहिली असती. कोसी यांना काय वाटले हे एल्विन यांच्या अंतर्मनाच्या कितीही खोल तळाशी सापडणारे नव्हते. त्या आत्मचरित्राला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, एल्विन यांच्या निधनानंतर. कोसी तेव्हा हयात होत्या.