दुसऱ्या दाराने आलेले डॉक्टर

'नीट'चा निकाल लागला त्या संध्याकाळी शेजारची मुलगी आमच्याकडे येऊन रडली. थोडक्या गुणांनी तिची सरकारी जागा हुकणार होती. तिची आजी तिला समजावता समजावता मला म्हणाली, "तुमच्या वडिलांच्या वेळी बरं होतं हो. मॅट्रिक झालं की डॉक्टर होता येत होतं."

आजींचे म्हणणे अर्धे खरे होते. माझे वडील १९३७ साली मॅट्रिक झाले, तेही दुसऱ्या खेपेस. पहिल्या खेपेला गणिताने दगा दिला होता. पुढे इंटर सायन्सपर्यंत शिकायची घरची ऐपत नव्हती आणि तसे गुणही नव्हते. तरीही ते डॉक्टर झाले. दवाखान्याच्या पाटीवर त्यांच्या नावापुढे 'एल.सी.पी.एस.' अशी अक्षरे होती. ही अक्षरे आज पाट्यांवरून पुसली गेली आहेत; त्यांच्यामागचा इतिहासही आपण विसरत चाललो आहोत.

आपल्याकडे आधुनिक वैद्यकाला सुरुवातीपासून दोन दारे होती. मुंबईत १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा निघाली. ती १८३२ मध्ये बंद पडली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते मात्र इंग्रजीतून. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीचे. हे दार मोठे, पण अरुंद. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली, तेव्हा १३२ जण बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. एवढ्या मुलांतून किती डॉक्टर निघणार? म्हणून १८६० च्या दशकात ग्रँट कॉलेजातच मराठी आणि गुजराती वर्ग काढून हॉस्पिटल असिस्टंट तयार करण्यात येऊ लागले. पुढे पुण्याला बी. जे. मेडिकल स्कूल आणि १९१४ मध्ये नागपूरला रॉबर्टसन मेडिकल स्कूल आले. 'कॉलेज' आणि 'स्कूल' हा फरक नावापुरता नव्हता. कॉलेजात इंटर सायन्सनंतर पाच वर्षे शिकून विद्यापीठाची पदवी मिळे. स्कूलमध्ये मॅट्रिकनंतर चार वर्षांत परवाना मिळे. मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झाले. त्याचा परवाना म्हणजे एल.सी.पी.एस.

आता कोणी म्हणेल, हे दुय्यम डॉक्टर. सरकारनेही तेच म्हटले. १९३३ च्या कायद्याने मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया निर्माण झाली, तेव्हा तिच्या कक्षेत फक्त विद्यापीठाच्या पदव्या घेतल्या गेल्या. परवानाधारकांना बाहेर ठेवले. प्रांताच्या नोंदवहीत नाव आहे, देशाच्या पंगतीत पान नाही, अशी त्यांची अवस्था झाली. पण भोर समितीने १९४६ च्या अहवालात मोजदाद मांडली, तेव्हा देशातल्या सुमारे साडेसत्तेचाळीस हजार नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ तीस हजार परवानाधारकच निघाले. आणि एवढे सगळे धरूनही साधारण ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर!

त्याच समितीने हे दुसरे दार बंद करायला सांगितले. डॉक्टर एकाच दर्जाचा असावा, शहरातल्याला एक आणि खेड्यातल्याला दुसरा असे नको, हा तिचा विचार. काही सदस्यांनी वेगळे मत नोंदवले. डॉक्टरांची एवढी टंचाई असताना शाळा बंद करू नका, असे त्यांचे म्हणणे. बहुमत टिकले. बी. जे. स्कूलचे १९४६ मध्ये कॉलेज झाले आणि हळूहळू देशभरातला परवान्याचा अभ्यासक्रम संपला.

वडिलांना मी एकदा विचारले होते, "समितीचं चुकलं का?" ते म्हणाले, "नाही. आम्हाला शिकवलं ते थोडंच होतं. ते थोडं आहे हे मात्र मला ठाऊक होतं." म्हणूनच मलेरिया, हगवण, साधी बाळंतपणे ते स्वतः पाहत, पोट फुगलेला किंवा आडवे मूल असलेला पेशंट आला की वेळ न दवडता मिरजेच्या मिशन हॉस्पिटलला चिठ्ठी देऊन पाठवत. एकदा चिठ्ठी द्यायला एक रात्र उशीर झाला. त्या बाईचे नाव ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. त्यामुळे जुने तेवढे सोने, असे मी म्हणणार नाही. अपुऱ्या शिक्षणाची किंमत डॉक्टर नव्हे, पेशंट मोजतो.

पण पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. कमी गुणांसाठीचे दार बंद झाले. थोड्या वर्षांनी त्याच भिंतीत दुसरे उघडले, पैशांचे. १९८० च्या दशकात महाराष्ट्रात खासगी वैद्यकीय महाविद्यालये निघाली आणि 'कॅपिटेशन फी' हा शब्द घरोघरी पोचला. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात ती बेकायदा ठरवली. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन निकालातून 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' आल्या. मग राज्याची सीईटी आली, नंतर 'नीट'. परीक्षा बदलत गेल्या. पण कमी गुणांचा श्रीमंत मुलगा आत जाऊ शकतो आणि कमी गुणांचा गरीब मुलगा बाहेर राहतो, हे काही बदलले नाही. माझ्या वडिलांच्या वेळी दुसऱ्या दाराची किंमत होती खालचा दर्जा. आता ती रुपयांत आहे.

खेड्यांचा प्रश्नही उरलाच. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला, तो फार काळ चालला नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात मर्यादित परवान्याची तरतूद आली, तेव्हा डॉक्टर रस्त्यावर उतरले. वाद १९४६ चाच, माणसे नवी.

वडिलांनी १९७८ मध्ये दवाखाना बंद केला. त्या खुर्चीवर एकही एम.बी.बी.एस. डॉक्टर आला नाही. दोन वर्षांनी एक आयुर्वेदाचा पदवीधर आला आणि त्याने गाव सांभाळले. एकाच दर्जाचा डॉक्टर सर्वांना, हे समितीचे वचन आमच्या गावापुरते तरी अर्धेच पाळले गेले. दर्जा वाढला, डॉक्टर आला नाही.

शेजारच्या मुलीला मी हे सगळे सांगितले नाही. तिला एवढेच म्हटले, "गुण कमी पडले म्हणजे तू कमी पडलीस असं नाही." आपल्याला मात्र हे म्हणून थांबता येणार नाही. दार किती रुंद असावे, हे कधीच एकट्या गुणांनी ठरलेले नाही. ते माणसांनी ठरवले आहे. म्हणून आत कोण येते एवढेच विचारून भागणार नाही. आत आलेला पुढे कुठल्या गावी जातो, हेही विचारायला हवे.