हँडसम, प्रीटी, ब्यूटिफुल, फेअर : रूपवर्णनाच्या इंग्रजी शब्दांचा इतिहास

प्रस्तावना

‘हँडसम’ पुरुषासाठी आणि ‘ब्यूटिफुल’ स्त्रीसाठी, एवढे पाठ केले की पुरे ना, असा प्रश्न इंग्रजी संभाषणाच्या तासाला हमखास येतो. परीक्षेपुरते ते पुरेल. मात्र हे फरक व्याकरणाच्या नियमाने ठरलेले नाहीत, ते इतिहासात घडलेले आहेत. तो इतिहास समजला की योग्य शब्द निवडणे सोपे जाते.

१. हँडसम

‘हँड’ म्हणजे हात आणि ‘सम’ हा विशेषण बनवणारा प्रत्यय. सुरुवातीला या शब्दाचा अर्थ ‘हाताळायला सोपा’ असा होता. त्यातून ‘सोयीचा’, ‘योग्य’, ‘भरपूर’ असे अर्थ निघाले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘देखणा’ हा अर्थ रूढ झाला. जुन्या अर्थाची खूण आजही सापडते. ‘हँडसम सॅलरी’ म्हणजे देखणा पगार नव्हे, घसघशीत पगार.

हा शब्द केवळ पुरुषांचा कधीच नव्हता. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ (१८१५) या कादंबरीची नायिका पहिल्याच वाक्यात ‘हँडसम’ ठरते. आजही रेखीव चेहऱ्याच्या, भारदस्त प्रौढ स्त्रीला हा शब्द शोभतो. कॉलेजातल्या मैत्रिणीला मात्र तो वापरू नका, तिला तो खटकेल.

२. प्रीटी आणि क्यूट

जुन्या इंग्रजीत ‘प्रीटी’चा पूर्वज ‘लबाड’ या अर्थाचा होता. लबाडचा चतुर झाला, चतुरचा सुबक आणि सुबकचा गोड. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या कोशात ‘प्रीटी’ म्हणजे भव्यता किंवा भारदस्तपणा नसलेले सौंदर्य, असा आशय दिला आहे. म्हणून छोटेसे घर ‘प्रीटी’ असते, हिमालय नसतो. पुरुषाला ‘प्रीटी’ म्हटले तर तो बहुधा टोमणा समजला जातो.

‘क्यूट’ची वाटही अशीच आहे. अठराव्या शतकात ‘अक्यूट’चे आद्याक्षर गळून तो तयार झाला. तेव्हा त्याचा अर्थ ‘चलाख’ होता. ‘गोंडस’ हा अर्थ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आला.

३. ब्यूटिफुल

१०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर फ्रेंच ही दरबाराची भाषा झाली आणि ‘ब्यूटी’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला. पुढे त्याला ‘फुल’ हा इंग्रजी प्रत्यय लागला. चौघांत हा सर्वांत व्यापक. माणूस, निसर्ग, विचार, गणिताची सिद्धता, कशालाही तो चालतो.

४. फेअर

इथे मात्र नीट थांबा. फ्रेंच शब्द येण्याआधी ‘सुंदर’साठी इंग्रजीत हाच शब्द होता. पुढे त्याला ‘उजळ वर्णाचा’ हा अर्थ चिकटला. ‘न्याय्य’ हा अर्थही त्याच शब्दात आहे. म्हणजे सौंदर्य, गोरेपणा आणि न्याय एकाच शब्दात येऊन बसले. भारतात तो विवाहाच्या जाहिरातींत शिरला आणि १९७५मध्ये एका क्रीमच्या नावातही आला. त्या क्रीमच्या नावातून तो २०२०मध्ये वगळला गेला.

समजा, एखाद्या सावळ्या मुलीने स्वपरिचयात लिहिले, “मी फेअर नाही, पण हुशार आहे.” त्यातला ‘पण’ पाहा. रंगाची उणीव हुशारीने भरून काढावी लागते, असे ती नकळत कबूल करते. ही चूक व्याकरणाची नाही. तिच्या जन्माच्या कितीतरी आधी एका शब्दात भरलेला ग्रह ती स्वतःवर लादून घेते.

सारांश

मराठीत आपण देखणा, सुरेख, गोंडस, रुबाबदार हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाही. तीच जाण इंग्रजीतही ठेवा. भारदस्त रूपाला हँडसम, नाजूक गोडव्याला प्रीटी, मनात ठसणाऱ्या सौंदर्याला ब्यूटिफुल. ‘फेअर’ हा शब्द न्यायासाठी राखून ठेवा.

स्वाध्याय : आपल्या आजीचे वर्णन इंग्रजीत पाच वाक्यांत करा. त्वचेच्या रंगाचा उल्लेख टाळा आणि निवडलेल्या प्रत्येक विशेषणाचे कारण मराठीत लिहा.