रोड सायकलचा क्रँकसेट

पायडलवर पडणारा जोर चेनपर्यंत पोचवणारा सायकलचा भाग. दोन क्रँक, त्यांना जोडणारा आस, उजव्या क्रँकवर बसवलेली एक किंवा दोन चेनरिंग आणि ती धरून ठेवणारे बोल्ट मिळून क्रँकसेट होतो. आस ज्या बेअरिंगांवर फिरतो त्या जोडणीला बॉटम ब्रॅकेट, दुकानाच्या भाषेत बीबी म्हणतात. बीबी फ्रेमच्या तळाशी असलेल्या आडव्या नळीत बसते आणि वेगळी विकत मिळते; तरी क्रँकसेट घेताना आधी फ्रेमची नळी कोणत्या मापाची आहे हेच पाहावे लागते.

रोड सायकलच्या क्रँकची लांबी साधारणपणे १६५ ते १७५ मिमी असते आणि मापे अडीच मिमीच्या फरकाने मिळतात. चेनरिंगच्या ५३ व ३९ दात्यांची जोडी शर्यतीसाठी रूढ होती. ५०-३४ च्या जोडीला कॉम्पॅक्ट म्हणतात, ५२-३६ ही मधली. मागच्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर धरला, तर पुढे ५० आणि मागे ११ दाते असताना क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल साडेनऊ मीटर जाते. पुढे-मागे ३४-३४ असताना फक्त २.१ मीटर. वरंधा किंवा आंबोली घाट चढायचा असेल, तर हौशी सायकलस्वाराला कॉम्पॅक्टच सोयीचा.

क्रँक आसावर पक्का कसा धरायचा, या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली. भारतातल्या काळ्या सायकलींत अजूनही कॉटर पिन असते: आसाच्या सपाट कडेवर हातोडीने ठोकलेली लोखंडी पाचर आणि तिच्या टोकाला नट. त्यानंतर चौकोनी, निमुळत्या टोकाचा आस आला. त्यावर क्रँक बोल्टने दाबून बसवतात आणि काढायला पुलर लागतो. २००० नंतरच्या दशकात शिमानोच्या हॉलोटेक-२ पद्धतीने रोड सायकलींत जम बसवला. तिच्यात २४ मिमी जाडीचा पोकळ पोलादी आस उजव्या क्रँकला कायमचा जोडलेला असतो आणि बेअरिंग फ्रेमच्या नळीबाहेर, दोन कपांत असतात. श्रॅमच्या डब पद्धतीत आस २८.९९ मिमीचा आहे. कँपान्योलोच्या अल्ट्रा-टॉर्कमध्ये दोन अर्धे आस मध्यभागी दात्यांनी एकमेकांत अडकतात. पुढील वर्णन मुख्यतः हॉलोटेक-२ चे आहे.

जोडणी. सुरुवात फ्रेमच्या नळीपासून. आट्यांमधली माती, गंज आणि जुने ग्रीस पुसून काढावे व नवे ग्रीस लावावे. सर्वांत प्रचलित, म्हणजे इंग्लिश आट्याच्या ६८ मिमी नळीत उजव्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो. तो घड्याळाच्या उलट दिशेने आवळला जातो. इटालियन नळी ७० मिमीची असते आणि तिचे दोन्ही आटे सरळ असतात, त्यामुळे उजवा कप चालवताना सैल होण्याकडे झुकतो. कप आधी हातानेच फिरवावा. दोन-तीन फेरे बोटांनी सहज गेले नाहीत तर तो तिरपा लागला आहे, आणि तिथे पाना लावला की फ्रेमचा आटा जातो. शेवटी ३५ ते ५० न्यूटन-मीटर इतके आवळावे. प्रेस-फिट फ्रेममध्ये आटे नसतात. तिथे कप दाबयंत्राने सरळ रेषेत बसवावे लागतात, हातोडीने नव्हे.

मग चेन नळीवर टेकवून, आसाला ग्रीसचा पातळ हात देऊन उजवा क्रँक आसासकट आरपार सरकवावा. शेवटच्या टप्प्यात रबरी हातोडीचा हलका ठोका लागू शकतो. डावा क्रँक खाचांवर चढवावा. खाचांमध्ये रुंद दाता ठेवलेला असल्यामुळे तो एकाच स्थितीत, उजव्याच्या बरोबर विरुद्ध बसतो.

बहुतेक बिघाडांचे मूळ यापुढच्या पायरीत आहे. डाव्या क्रँकच्या बाहेरच्या तोंडात प्लास्टिकची एक टोपी फिरवायची असते. ती क्रँकला धरून ठेवत नाही. बेअरिंगमधला आडवा खेळ घालवणे एवढेच तिचे काम. तिची मर्यादा ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर, म्हणजे तिच्या छोट्या गोल चावीने दोन बोटांनी देता येईल तेवढाच जोर. क्रँक खरा धरतात ते त्याच्या चिरेवर आडवे बसणारे दोन बोल्ट. टोपी ताकदीने आवळली तर बेअरिंग चिरडले जाऊन लवकर संपतात. बोल्ट सैल राहिले तर ॲल्युमिनियमच्या खाचा पोलादी आसावर झिजतात आणि डावा क्रँक टाकूनच द्यावा लागतो. कॉटर पिनच्या सवयीचा हात पहिल्या दोषाकडे वळतो, हलक्या सुट्या भागाला जपणारा नवखा हात दुसऱ्याकडे. टोपी लागली की चिरेतली छोटी पट्टी आत दाबावी, म्हणजे तिची खुंटी आसातल्या भोकात अडकते. भोक समोर नसेल तर क्रँक पूर्ण आत गेलेला नाही. त्यानंतर दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत न्यावेत. इथे टॉर्क रेंचला पर्याय नाही. काढताना क्रम नेमका उलटा: आधी दोन्ही बोल्ट सैल, पट्टी वर, मगच टोपी.

तपासणीसाठी चेन चेनरिंगवरून उतरवून क्रँक फिरवावा आणि मग दोन्ही हातांनी आत-बाहेर हलवून पाहावा. फिरताना खरखर किंवा अडखळ नको, हलवताना खेळ नको. पहिल्या लांब फेरीनंतर बोल्ट पुन्हा एकदा रेंचने पाहावेत.

पायडलचे आटे ग्रीस लावून बसवावेत. डावे पायडल उलट्या आट्याचे असते; कोरडे आवळलेले पायडल वर्षाने काढायचे म्हटले की क्रँकचा आटाच सोबत घेऊन येते.

निगा. बीबीचा मोठा शत्रू पाणी. सह्याद्रीतल्या पावसाळी फेऱ्यांनंतर, किंवा कोकणच्या खाऱ्या हवेत, सायकल धुवावी जरूर, पण जोराच्या फवाऱ्याचे तोंड कपाकडे धरू नये; तो रबरी सील ओलांडून आतले ग्रीस धुऊन टाकतो. चेन धुण्याचे रॉकेल किंवा डिझेलही तिथे ओघळू देऊ नये. या कपांतले बेअरिंग बंद असतात. जुन्या सायकलीसारखे छर्रे काढून, पुसून, ग्रीस भरून परत बसवण्याची सोय त्यांत नाही. खरखर सुरू झाली की कप बदलावेत.

जोर देताना येणारी करकर बीबीचीच असेल असे मानून कप बदलण्याची घाई होते. आधी पायडलचे आटे, चेनरिंगचे बोल्ट आणि सीटची नळी तपासावी. उभे राहून चालवताना आवाज थांबला तर संशय सीटकडे जातो.

एक दोष मात्र निगेने टळत नाही. शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये जून २०१२ ते जून २०१९ दरम्यान तयार झालेले अल्टेग्रा व ड्युरा-एसचे ११-स्पीड क्रँकसेट तपासणीसाठी बोलावले. या क्रँकचे दोन भाग चिकटवून जोडलेले असतात आणि तो सांधा उकलू शकतो. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६,८०,००० क्रँकसेट होते आणि सांधा सुटल्याच्या ४,५१९ घटना नोंदल्या गेल्या. जुनी सायकल विकत घेणाऱ्याने क्रँकच्या आतल्या बाजूचा निर्मिती-संकेत जरूर वाचावा. तिथल्या सांध्यावर भेग किंवा उचललेली कड दिसली तर तो क्रँक वापरू नये.

चेनरिंग झिजते ती मुख्यतः ताणलेल्या चेनमुळे. चेनमापकाने ०.५ टक्के वाढ दाखवताच चेन बदलली तर एक चेनरिंग अनेक चेन पाहते. दात्यांची टोके एका बाजूला झुकून आकड्यासारखी झाली की ती बदलावी. नवी मोठी चेनरिंग लावताना तिच्यावरची छोटी खुंटी उजव्या क्रँकच्या मागे आली पाहिजे. बाहेर पडलेली चेन क्रँक आणि चेनरिंगच्या फटीत रुतू नये यासाठी ती असते. लहान चेनरिंगवरची खूणही क्रँकच्याच रेषेत ठेवावी, नाहीतर चेन वर चढवण्यासाठी कोरलेले दाते चुकीच्या जागी जातात आणि गिअर अडखळतो.