‘लातुर’ ही चूक केव्हा जन्मली?

एखाद्याने ‘लातुर’ लिहिले की प्रतिक्रियांमध्ये कोणीतरी हमखास अवतरतो आणि ‘आधी गावाचे नाव नीट लिहा’ असे सुनावून जातो. ‘पानी’ लिहिणाऱ्याची गत याहून वाईट होते. आणि पुण्यातल्या एखाद्या अभ्यासिकेत नांदेड-लातूरकडचा मुलगा ‘मी जेवायला जायलोय’ असे बोलून गेला, की चार माना वळतात. अशा वळलेल्या मानांसमोर एकदा मी स्वतः उभा होतो. म्हणून हा धागा.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने चुकीकडे पाहताना पहिला प्रश्न विचारावा तो असा : ही गोष्ट चूक कधीपासून ठरली? वरच्या तीन उदाहरणांपुरते तरी या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी नेमके देता येते.

प्रथम नियम समजून घेऊ. मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल, तर त्याच्या आधीचा इकार वा उकार दीर्घ लिहावा : फूल, बहीण, गरीब, वकील. म्हणून ‘लातूर’. मात्र शब्दाचे सामान्यरूप झाले की तोच इकार-उकार ऱ्हस्व होतो : फुलाला, गरिबास, वकिलांना, लातुरात. म्हणजे ‘लातूरला’ निघालेला माणूस ‘लातुरात’ पोहोचतो. नियम एकदा उमगला की सहसा विसरत नाही. जाता जाता ‘गरीब’ आणि ‘वकील’ या शब्दांकडेही पाहा. दोन्ही मूळचे अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले. शुद्धलेखनाचा धडा समजावताना आपण ज्यांचा आधार घेतो, त्यांत हे पाहुणे शब्द अगदी घरच्यासारखे बसलेले आहेत.

आता थोडे मागे जाऊ. पेशवाईचे दफ्तर, सरदारांचा पत्रव्यवहार, पाटील-कुलकर्ण्यांचे हिशेब हे सारे मोडीत लिहिले जाई. मोडीची सारी रचना हात न थांबवता भराभर लिहिण्यासाठी आहे. तिच्यात इकाराला एकच खूण पुरते आणि उकारालाही एकच. ऱ्हस्व-दीर्घ असा भेद पाळला जात नाही. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, आणि ‘झाले’ म्हणायचे तिथे सर्रास ‘जाले’ लिहिलेले आढळते. ज्या लिपीत उकार एकच, तिच्यात ‘लातुर’ ही चूक करताच येत नाही! बालबोध पोथ्यांत ऱ्हस्व-दीर्घ भेद दिसतो, पण तिथेही एकच शब्द दोन पानांवर दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो आणि त्याचे कोणाला वैषम्य वाटलेले दिसत नाही. अटकेपर्यंतच्या मोहिमांचे हिशेब राखणारे कारकून आजच्या पाचवीच्या श्रुतलेखनात नापास झाले असते.

छापखान्याला आणि सरकारी शाळेला मात्र असे चालत नाही. एकच पुस्तक हजारो मुलांच्या हाती द्यायचे, तर शब्दाचे एकच रूप ठरवावे लागते. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला. त्याच्या कामात पुण्याचे शास्त्री होते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ चे. पुढे अनेक वर्षे सरकारी पाठ्यपुस्तकांच्या मराठीवर मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याचा हात फिरत असे. मराठीत स्वल्पविराम आणि पूर्णविराम रुळले, त्यात त्याचा वाटा मोठा आहे. मराठी शुद्ध की अशुद्ध, याचा निवाडा काही काळ एक इंग्रज करीत होता, ही गोष्ट शुद्धतेचे अभिमानी सहसा सांगत नाहीत.

इंग्रजांच्या घरीही काही वेगळे घडले नव्हते. रॉबर्ट लोथ या धर्मोपदेशकाचे छोटेखानी इंग्रजी व्याकरण १७६२ साली प्रसिद्ध झाले आणि फार लोकप्रिय ठरले. एका वाक्यात दोन नकार आले तर त्यांचा होकार होतो, हे मत त्यात आहे. चॉसर आणि शेक्सपिअर मात्र दुहेरी नकार बिनदिक्कत वापरीत आले होते. ‘आस्क’ला ‘अ‍ॅक्स’ म्हणणाऱ्या माणसाला आज अडाणी समजले जाते, पण चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या लेखनात तेही रूप आहे. आपल्याकडचे इंग्रजीचे मास्तर ज्या चुकांवर लाल शाई ओततात, त्यांतल्या काही चुका अशा रीतीने मूळच्या कुलीन आहेत.

नियम ठरला की त्याचे दोन उपयोग होतात. एक, लिहिलेले सर्वांना सारखे कळावे. दुसरा, समोरच्याला गप्प बसवावे. दुसऱ्या उपयोगाचे आपल्याकडचे ठळक उदाहरण निबंधमालेत आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुले यांच्या लेखनाची टर उडवली, तेव्हा त्यांनी फुल्यांच्या व्याकरणालाही सोडले नाही. फुल्यांचा प्रश्न शेतकऱ्याच्या आणि शूद्रातिशूद्रांच्या स्थितीविषयी होता. उत्तर विभक्तिप्रत्ययांविषयी आले. चिपळूणकरांचे गद्य मला आवडते, तरीही हा भाग वाचताना संकोच वाटतो.

मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले. पुढची पन्नास वर्षे मुख्यतः अनुस्वारांच्या भांडणात गेली : ‘पांच’ की ‘पाच’, ‘नाहीं’ की ‘नाही’. अखेर साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. ‘पूर’ हा ग्रामवाचक शब्द गावाच्या नावात नेहमी दीर्घ लिहावा, असेही त्यात ठरले. सध्या आपण ज्यावरून भांडतो ते हेच अठरा नियम. महामंडळाच्या घटक संस्थांत मराठवाडा साहित्य परिषदही होती. त्यामुळे हे सर्व पुण्याने लादले असे म्हणणे अन्यायाचे होईल.

पण १९६२ साली मराठवाडा कोठे उभा होता, हे पाहिल्यावाचून चित्र पुरे होत नाही. निजामाच्या राज्यात १८८४ पासून कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि माध्यमिक शाळांचे माध्यमही मुख्यतः तेच. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. स्वतंत्र जिल्हा तो १९८२ साली झाला. पुण्यामुंबईची मुले मराठी व्याकरणाची पुस्तके पाठ करीत होती, त्या काळात नांदेडच्या मुलाला वरच्या वर्गांत मराठी पुरेशी वाट्याला येतच नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. त्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा १९६२ चे नियम आले तेव्हा चोवीस वर्षांचा होता, म्हणजे एव्हाना कदाचित शिक्षकही झालेला. ज्या भाषेच्या शुद्धतेची परीक्षा त्याने मुलांकडून घ्यायची, ती तो स्वतः अर्ध्या वाटेवर शिकला होता. नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज उभे राहिले, ते ही कसर भरून काढू पाहणाऱ्यांच्या धडपडीतून. तिथे शिकवणारे आणि पुढे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) याच पिढीतले. त्यांचे गद्य आज साऱ्या महाराष्ट्रात वाचले जाते, हे ‘मराठवाड्याची मराठी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या कानावर घालण्यासारखे आहे.

आता ‘पानी’. माझ्या मते तिन्ही चुकांत सर्वांत रंजक इतिहास हिचा आहे. ‘ण’चा ‘न’ करणारा तो अशुद्ध, असे आपण मानतो. पण मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’ असा आहे, त्यात ‘न’च आहे. ‘आणणे’ हे ‘आनयति’पासून आले, ‘लोणी’ हे ‘नवनीत’पासून, ‘ठाणे’ हे ‘स्थान’पासून. सगळीकडे मुळात ‘न’. हा बदल प्राकृताने केला. महाराष्ट्री प्राकृताच्या व्याकरणकारांनी तर ‘न’चा सर्वत्र ‘ण’ होतो असाच नियम सांगितला. ‘गाथासप्तशती’ ज्याच्या नावावर आहे तो हाल सातवाहनांचा राजा, आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे मराठवाड्यातलेच पैठण. संस्कृतच्या कट्टर पंडिताने कान लावला असता, तर त्याला ‘पाणी’ हेच बिघडलेले रूप वाटले असते.

इथे एक सावधगिरी हवी. ‘पानी’ म्हणणाऱ्याने संस्कृतातला ‘न’ दोन हजार वर्षे जपून ठेवला, असे मात्र म्हणता येत नाही. मराठीच्या अनेक बोलींत ‘ण’ आणि ‘न’ यांतला भेद नंतरच्या काळात पुसट झाला, एवढेच दिसते. म्हणजे ‘न’चा ‘ण’ झाला आणि काही तोंडी पुन्हा ‘न’ झाला. पहिल्या बदलाला आपण भाषेचा विकास म्हणतो आणि दुसऱ्याला अशुद्ध उच्चार. ध्वनीच्या शास्त्राला असा फरक ठाऊक नाही. तो कोणाच्या तोंडी कोणता बदल झाला, यावरून पडला आहे.

‘जायलोय’ची गोष्ट थोडक्यात आटोपते. नांदेड-लातूरकडे ‘काय करायलास?’, ‘कुठं जायलास?’ हे रोजचे बोलणे आहे. ‘करायला लागलास’, ‘जायला लागलो’ यांचा बोलता बोलता झालेला संक्षेप असे त्याचे रूप दिसते. प्रमाण मानले जाणारे ‘जातोय’ म्हणजे तरी काय? ‘जातो आहे’ याचाच संक्षेप. पात्रांच्या तोंडी ‘असं केलं’ सारखी बोलण्यातली रूपे लिहिण्यास महामंडळाच्या नियमांतच मुभा आहे. बोलणे लेखनात आले, पण ते एकाच बाजूचे आले.

मी हे सारे प्रमाण लेखनात लिहीत आहे, याची मला जाणीव आहे. लेखनाला समान नियम हवेतच. माझ्या प्रबंधातली प्रत्येक चुकलेली वेलांटी मी निमूटपणे दुरुस्त करतो. महानुभाव पंथातल्या भीष्माचार्यांचा ‘पंचवार्तिक’ हा ग्रंथ मराठीचे पहिले व्याकरण मानला जातो. पंथाच्या सूत्रांचा अर्थ नीट लागावा यासाठी तो रचला गेला. नांदेड जिल्ह्यातले माहूर हे याच पंथाचे एक श्रद्धास्थान आहे. आपल्या भाषेतला व्याकरणाचा पहिला खटाटोप समोरच्याचे बोलणे समजून घेण्यासाठी होता, ही आठवण मला दिलासा देते.

आणि हे समजून घेणे किती महत्त्वाचे, ते अलीकडेच दिसले. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकालीन कागदांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा या धाग्याचा विषय नाही. पण एखाद्या कुटुंबाचे प्रमाणपत्र पणजोबांच्या नावापुढच्या एका शब्दावर अवलंबून राहू लागले, आणि तो शब्द मोडीत किंवा उर्दूत लिहिलेला होता. मोडी वाचणारी माणसे अशी हाकेसरशी मिळत नाहीत. ती शोधावी लागली. एरवी नावातली एक वेलांटी दोन कागदांवर वेगळी निघाली, तरी आपल्याकडे प्रतिज्ञापत्र करावे लागते.

उर्दू लिपीत तर ‘ण’ हे अक्षरच नाही आणि ‘ळ’ही नाही. लातूर जिल्ह्यातले नळेगाव त्या लिपीत ‘ल’नेच लिहावे लागते. ऱ्हस्व स्वरही तिथे सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे ‘किनवट’मधला पहिला इकार कागदावर उमटत नाही. ‘कुणबी’ हा शब्द त्या लिपीत लिहिला की क, न, ब आणि शेवटची ई एवढेच उरते. मधला उकार वाचणाऱ्याने स्वतःच्या माहितीतून भरायचा असतो, आणि ‘न’चा ‘ण’ही त्यानेच करायचा असतो.