दोन धंदे आणि एक खेळ

उज्जैन शहराच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी, भैरवगढ नावाची वस्ती आहे. यात्रेकरू तेथे काळभैरवाच्या दर्शनास जातात, व्यापारी छापील कापडासाठी जातात. मराठी माणसाला हे स्थान परके नाही. पानिपतानंतर पुन्हा उभे राहिलेल्या महादजी शिंद्यांनी आपली पगडी या भैरवास वाहिली, अशी परंपरा तेथे सांगितली जाते. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरीस नेईपर्यंत उज्जैन हेच शिंदेशाहीचे मुख्य शहर होते.

परंतु भैरवगढच्या आसपासची भूमी शिंद्यांच्याही फार पूर्वीची आहे. जवळच गढकालिकेचे देऊळ आहे आणि त्याच्या परिसरातील मातीच्या टेकाडाखाली प्राचीन उज्जयिनी झोपलेली आहे. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात पुरातत्त्व खात्याने तेथे उत्खनन केले, तेव्हा नगराभोवतीचा मातीचा प्रचंड तट आणि खंदक उजेडात आला. या तटाच्या आत कोण राजे होऊन गेले, याचा थोडाफार हिशेब इतिहासाजवळ आहे. पण त्या तटाआड राहणारा साधा माणूस पोट कसे भरीत असे, एका धंद्याने त्याचे भागत असे की दुसराही पाहावा लागे, आणि दिवसाचे काम संपल्यावर तो कोणता खेळ खेळे, याविषयी नाणी आणि शिलालेख फारसे बोलत नाहीत. ते ऐकावयाचे तर शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाकडे वळावे लागते. गोविंद बल्लाळ देवलांनी ते संगीत रूपाने मराठी रंगभूमीवर आणले. त्यामुळे चारुदत्त आणि वसंतसेना ही नावे मराठी घरांत परिचयाची झाली. मात्र या दोघांच्या प्रेमकथेच्या कडेला मूळ संस्कृत नाटकात एक लहानसा माणूस उभा आहे, त्याच्याकडे प्रेक्षकांचे लक्ष सहसा जात नाही. त्याचे नाव संवाहक. संवाहक म्हणजे अंग रगडून देणारा.

नाटक हा काही सरकारी दप्तरातला कागद नव्हे. तरीही ज्या नाटककाराने राजवाड्याऐवजी रस्ता, जुगाराचा अड्डा आणि न्यायालय रंगविले, त्याने डोळ्यांसमोरील नगरजीवन पाहिलेच नसेल, असे म्हणता येत नाही. त्याच्या उज्जयिनीत माणसे धंदे बदलताना दिसतात. वीरक आणि चंदनक हे नगररक्षकांचे नायक आहेत. पण भांडण पेटताच ते एकमेकांची जात काढतात आणि एक मूळचा न्हावी, तर दुसरा चर्मकार, हे उघड होते. शर्विलक हा वेदज्ञ ब्राह्मणाचा मुलगा. तो रात्री भिंतीला भोक पाडतो आणि मोजमापाला दोरी नाही म्हणून जानव्याचा उपयोग करतो. अशा नगरात संवाहकाला दोन धंदे असावेत, यात नवल नाही.

तो मूळचा पाटलिपुत्राचा, एका गृहस्थाचा मुलगा. नव्या मुलखाच्या कुतूहलाने उज्जयिनीस आला. अंग रगडण्याची विद्या तो हौसेने, एक कला म्हणून शिकला होता. पुढे तीच त्याची उपजीविका झाली आणि उदार चारुदत्ताच्या घरी त्याला काम मिळाले. चारुदत्ताचे वैभव ओसरल्यावर ही चाकरी सुटली. मग संवाहकाने दुसरा धंदा धरला. तो दुसरा धंदा म्हणजे द्यूत. जो फुरसतीचा खेळ होता, तोच आता भाकरीचा मार्ग झाला.

नाटकाच्या दुसऱ्या अंकात हा माणूस दहा सुवर्णमुद्रा हरून पळत येतो. त्याच्या मागे माथुर नावाचा सभिक, म्हणजे जुगाराच्या अड्ड्याचा चालक, आणि जिंकलेला जुगारी असे दोघे लागलेले असतात. संवाहक उलट्या पावलांनी चालत एका मूर्ती नसलेल्या देवळात शिरतो. बाहेर येणाऱ्या पावलांचे ठसे उमटावेत आणि पाठलाग फसावा, ही त्याची युक्ती. आत जाऊन तो स्वतःच देवाची मूर्ती बनून स्तब्ध उभा राहतो. पाठलाग करणारे आत येतात, मूर्ती हलवून पाहतात आणि त्यांना संशय येतो. ते त्याला ओढून काढीत नाहीत. ते तेथेच बसून फासे टाकू लागतात. फाशांचा खुळखुळाट कानी पडतो आणि संवाहकाची घालमेल सुरू होते. आता खेळायचे नाही, असे तो मनाला बजावतो. पण तो आवाज त्याला कोकिळेच्या कूजनासारखा गोड वाटतो. अखेर डाव आपला आहे असे ओरडत ती ‘मूर्ती’ पुढे येते आणि पकडली जाते.

हा प्रसंग हास्याचा आहे, आणि पुढचा तर अधिकच. संवाहक अर्धी रक्कम माथुराकडून माफ करवून घेतो, उरलेली अर्धी जुगाऱ्याकडून, आणि मग सगळेच कर्ज माफ झाले असे सांगून चालू लागतो. हे गणित माथुरास पटत नाही. बाप विक, आई विक, नाहीतर स्वतःला विक, पण पैसे दे, असा तो हट्ट धरतो. तेव्हा संवाहक राजरस्त्यावर उभा राहून खरोखरच स्वतःला दहा मुद्रांना विकावयास काढतो. येणारेजाणारे त्याच्याकडे पाहतही नाहीत. येथे प्रेक्षकाचे हसू थांबते. ज्या हातांच्या कलेला एके काळी चारुदत्तासारखा रसिक धनी लाभला होता, त्या हातांना आता गिऱ्हाईक नाही.

मग खेळ वाईट, असे शूद्रकाचे म्हणणे आहे काय? तसे दिसत नाही. त्याच अंकात दर्दुरक नावाचा जुगारी येतो. द्यूतात राजवैभवाचे सुख आहे असे तो मिश्कीलपणे सांगतो, आणि आपण त्यात काय काय मिळविले व काय काय घालविले, याची यादीही देतो. तोच माथुराच्या डोळ्यांत धूळ फेकून संवाहकाला पळावयास वाट करून देतो. नाटककाराने जुगाऱ्यालाही माणुसकी नाकारलेली नाही.

प्राचीन भारताला हा प्रश्न नवीन नव्हता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे सूक्त आहे. बायको दुरावलेला, सासूने दूर लोटलेला तो माणूस शेवटी ऐकतो तो उपदेश असा, की फासे सोडून शेत नांगरावे. कौटिल्याने उपदेश केला नाही, त्याने व्यवस्था केली. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी चालवावयाचा, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करावयाचा, आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजाकडे घ्यावयाचे, असा त्याचा नियम आहे. अशा अड्ड्यावर गुप्तपणे जगणारे गुन्हेगार हाती लागतात, हाही त्यामागचा हेतू त्याने लपविलेला नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत सभिकाचा वाटा मोठ्या डावात शेकडा पाच आणि लहान डावात शेकडा दहा असा ठरवून दिलेला आहे. लहान रकमेने खेळणाऱ्या गरिबाकडून दुप्पट दराने वसुली, ही गोष्ट त्या काळीही होती.

या सर्वांतून एक सूत्र निघते. संवाहकाचा ऱ्हास तो खेळला म्हणून झाला नाही. खेळाला त्याने धंद्याच्या जागी बसविले, तेथे तो सुरू झाला. चाकरी असताना फासे ही त्याची करमणूक होती की नाही, हे नाटक सांगत नाही. पण चाकरी सुटल्यावर त्याच फाशांकडून त्याने पोट मागितले, आणि फाशांना पोट भरता येत नाही.

उलट बाजूचे उदाहरण अलीकडच्या मराठी जीवनातच आहे. भारतीय क्रिकेटच्या आरंभीच्या काळात खेळावर कोणाचा संसार चालत नसे. माळव्यातलाच दाखला घ्यावयाचा तर नागपूरचे सी. के. नायडू १९२३ साली होळकरांच्या बोलावण्यावरून इंदुरास आले व संस्थानच्या लष्करात अधिकारी झाले. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर एम. सी. सी.च्या इंग्रज संघाविरुद्ध त्यांनी १५३ धावा केल्या आणि त्यांत ११ षटकार मारले. त्याच दौऱ्यात त्याच संघाविरुद्ध १४८ धावा करणारे दिनकर बळवंत देवधर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. वर्गात व्याकरण आणि काव्य, मैदानावर बॅट, अशी दोन कामे त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळली. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकले. त्यांतील दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा काढल्या, तेव्हा त्यांच्या वयाने अठ्ठेचाळिशी ओलांडलेली होती. देवधरांच्या खेळात गांभीर्य कमी नव्हते. परंतु एखाद्या डावात शून्यावर बाद झाल्याने दुसऱ्या दिवशी घरची चूल विझण्याचे भय त्यांना नव्हते. त्यांच्या खेळाला नोकरीचा आधार होता, आणि म्हणूनच तो शेवटपर्यंत खेळ राहिला.

आजच्या काळातील घरबसल्या खेळांचा उगमही असाच कामकरी माणसांच्या फुरसतीत आहे. १९५८ साली अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम या पदार्थवैज्ञानिकाने, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांचे मन रमावे म्हणून, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा एक खेळ तयार केला. व्हिडिओ गेमच्या पूर्वजांत त्याची गणना होते. १९६२ साली ओकलंडचा व्यावसायिक बिल विंकेनबाक याने काही सोबत्यांसह कागदावरच्या फुटबॉलची कल्पना काढली. अमेरिकी फुटबॉलमधील खऱ्या खेळाडूंची निवड करून प्रत्येकाने आपला मनःकल्पित संघ बनवावयाचा, आणि मैदानावर ते खेळाडू जे करतील त्यावर गुण मोजावयाचे. हाच पुढे जगभर पसरलेला ‘फँटसी फुटबॉल’. दोन्ही खेळ निर्मात्यांच्या भाकरीचे साधन नव्हते.

भारतात या कल्पनेला पैशाची जोड मिळाली आणि क्रिकेटच्या निमित्ताने ती गावोगाव पोचली. सकाळी एका कचेरीत आणि संध्याकाळी दुसऱ्या दुकानात राबणारा तरुण आपला मनातला संघ खिशातल्या फोनवर बाळगू लागला. दोन नोकऱ्यांच्या मध्ये मिळणाऱ्या अर्ध्या तासात त्याने खेळावे, यात गैर काही नाही. तेवढा विसावा त्याच्या हक्काचा आहे. पण दोन पगारांत न भागलेली तूट तिसऱ्या ठिकाणाहून, म्हणजे खेळातून, भरून काढावी असे त्याला वाटू लागते, तेव्हा तो मृच्छकटिकातील त्या देवळात येऊन पोचलेला असतो. फोनची सूचना वाजते ती फाशांच्या खुळखुळाटासारखी, आणि कितीही निश्चय केलेला असो, मूर्ती जागची हलते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. पैशावाचूनचे खेळ मात्र त्याने बंद केले नाहीत. कौटिल्याने बंदिस्त केलेल्या गोष्टीला आधुनिक राज्याने बंदी घातली. मार्ग निराळे, तरी दोघांनीही ओळखले ते एकच, की अनर्थ फाशांत नसून त्यांवर लावलेल्या संसारात आहे.

संवाहकाची कथा मात्र राजरस्त्यावर संपत नाही. पळत पळत तो वसंतसेनेच्या घरात शिरतो. हा चारुदत्ताचा जुना सेवक, एवढे कळताच ती आपल्या हातातील अलंकार पाठवून त्याचे ऋण फेडते. परतफेड म्हणून तो आपली कला तिच्या दासींना शिकवू इच्छितो. ज्याच्यासाठी ही कला शिकलास त्याचीच सेवा कर, असे ती त्याला नम्रपणे सुचविते. परंतु झालेल्या अपमानाने त्याचे मन उडालेले असते. तो बौद्ध भिक्षू होतो.

पुढे शकाराने गळा दाबून टाकून दिलेली, पाचोळ्याखाली पडलेली वसंतसेना याच भिक्षूला सापडते. ओली छाटी पिळून तो तिच्या तोंडात पाणी घालतो. मात्र तिला उठविण्यासाठी तो हात देत नाही. भिक्षूने स्त्रीला स्पर्श करू नये म्हणून जवळची वेल वाकवून तिच्या हाती देतो. ज्याचा सारा निर्वाह हातांवर चालला, प्रथम अंग रगडून आणि मग फासे टाकून, त्याने या वेळी हात आवरला आणि तरीही एक जीव वाचविला. तो तिला वधस्थानी घेऊन येतो, म्हणून चारुदत्ताचाही प्राण वाचतो. शेवटी चारुदत्त त्याला काय हवे असे विचारतो, तेव्हा संसाराची अशाश्वती पाहून भिक्षुपणाविषयीची आपली आस्था दुणावली, एवढेच तो सांगतो. त्याला राज्यातील सर्व विहारांचा प्रमुख नेमण्यात येते.

भैरवगढच्या मातीखाली त्या उज्जयिनीचे अवशेष आहेत, आणि वर आजही छपाईचे काम चालते. बाटिकच्या कामात कापडावर मेणाने नक्षी काढावी लागते आणि मेण थंड होईपर्यंत कापड रंगात घालता येत नाही. तेवढा वेळ कारागिराला थांबावेच लागते. तो मोकळा वेळ कामाच्या पोटात असतो, आणि मेण घट्ट होताच कारागीर पुन्हा रंगाकडे वळतो.